किल्लीवाल्याच्या भिंतीवरची पेशी

पेशीबाईला जळायला फारसं कारण लागत नसे, हे आधीच सांगून टाकलेलं बरं. शेजारणीच्या खिडकीतली कुंडी आपल्या कुंडीपेक्षा जास्त फुलली तरी तिच्या पोटात दुखायचं. पण ते सगळं किरकोळ. तिचा खरा जळफळाट एकाच बाईवर होता, आणि ती बाई म्हणजे तिच्या नवऱ्याची पहिली बायको. आता तुम्ही म्हणाल, पहिली काडीमोड घेऊन कधीच गेली, मग तिचा कसला हेवा? हेच पेशीबाई स्वतःलाही विचारायची, आणि उत्तर सापडलं नाही की आणखी जळायची.

'पेशीबाई' हे नाव शाळेच्या पोरांनी ठेवलेलं. मेंदूवर संशोधन करणाऱ्या एका संस्थेत ती लोकसंपर्काचं काम करायची. वरच्या मजल्यांवरचे शास्त्रज्ञ मेंदूच्या एकेका पेशीचं चित्र काढत, तिची वीज मोजत आणि ते सगळं एका वेबसाइटवर मांडून ठेवत. कुणीही उघडावं, कुणीही बघावं. ना पैसे, ना पासवर्ड. पण दार उघडं ठेवलं म्हणून लोक आत येतात थोडेच! त्यांना हाताला धरून आणायला पेशीबाई होती. तळमजल्यावर जिन्याला लागून तिची खोली. दोन संगणक, कोपऱ्यात गुंडाळलेले फलक, आणि सुटा होणारा एक रबरी मेंदू. त्याचा एक तुकडा कुठल्याशा शाळेच्या सहलीबरोबर गेला तो परत आलाच नव्हता. त्या खोलीत पोरंटोरं यायची, निवृत्त मंडळी यायची, नर्सिंगच्या मुली यायच्या. पेशी कशी फिरवायची, जवळ कशी आणायची, तिच्या विजेचे झटके आवाजात कसे ऐकायचे, हे ती शिकवायची. टक, टक, टकटकटक, असा तो आवाज. तो ऐकला की दंगेखोर पोरंसुद्धा गप्प व्हायची.

तिच्या खोलीत एक नियम होता आणि तो तिनंच घातला होता: पाहुण्याच्या माऊसला हात लावायचा नाही. "आपण करून दाखवलं की लोक माना डोलावतात आणि घरी जाऊन विसरतात," असं ती म्हणायची. "चुकू देत, पण त्यांच्याच बोटांनी चुकू देत." म्हणून कुणी कितीही चाचपडलं तरी ती आपले हात पाठीमागे बांधून उभी राहायची. हा नियम एक दिवस आपल्याच गळ्याशी येणार आहे, याची बिचारीला काय कल्पना!

साइटवरच्या पुष्कळ पेशी उंदरांच्या, पण काही माणसांच्याही होत्या. मेंदूचं ऑपरेशन करताना दुखणाऱ्या जागेपर्यंत पोचायला डॉक्टरांना वाटेतला थोडासा चांगला भाग काढावा लागतो. एरवी तो टाकूनच द्यायचा. पेशंट हो म्हणाला तर तो संस्थेत येतो, आणि त्यातल्या पेशी पुढे काही वेळ जिवंत राहतात. देणाऱ्याचं नाव साइटवर कुठेच नसतं. पेशीखाली एक लहानसं कार्ड असतं: स्त्री की पुरुष, वय, मेंदूची बाजू आणि आजार. कार्डावरून माणसाचा माग काढायचा नाही, असं संस्थेनं सगळ्यांना बजावून ठेवलं होतं.

अशा त्या खोलीत एका दुपारी किल्लीवाला आला. बाजारात किल्ल्या बनवायचं त्याचं छोटंसं दुकान होतं. बोटांना कायम पितळेचा वास, आणि दार उघडण्याआधी कुलपाकडे एकदा निरखून बघायची सवय. खोलीत येऊन त्यानं सरळ विचारलं, "माझी कुठली?"

"तुमची काय?"

"पेशी हो." त्यानं उजव्या कानावरचे केस बाजूला सारून व्रण दाखवला. "मला फिट्स यायच्या. इथून ऑपरेशन केलं, आणि इथलाच तुकडा तुमच्या संस्थेला दिला. फिट्स गेल्या. पण म्हटलं, दिलेलं बघून तरी यावं."

माग काढायचा नसतो, एवढंच तिनं सांगायचं होतं. त्यासाठी तिनं तोंडही उघडलं. पण परीक्षेचा निकाल बघायला आलेल्या मुलासारखा तो पडद्याकडे बघत होता. आणि पडद्यावर नेमकी 'राणी' होती. संस्थेत सगळे तिला राणीच म्हणत. भरगच्च फांद्यांची, अगदी देखणी पेशी; प्रत्येक प्रात्यक्षिकात तीच पुढे.

"ही... असू शकेल," पेशीबाई म्हणाली.

असू शकेल! राणीचं कार्ड तिला तोंडपाठ होतं. स्त्री, साठीपुढची, डावी बाजू. पण त्या माणसाचा चेहरा असा काही उजळला की पुढचं वाक्य तिच्या तोंडून निघेना. "आणि हा आवाज?" त्यानं विचारलं. "हिचाच," ती म्हणाली. "म्हणजे माझा!" असं म्हणून त्यानं तो परत लावला. मग पुढच्या आठवड्यात आला, त्याच्या पुढच्याही आला. शेवटी दारावरच्या रखवालदारानं त्याला विचारलं, की तुम्ही पेशी बघायला येता की पेशीबाईला? लाजून त्यानं त्या दिवशी चुकीच्या जिन्यानं वरचा मजला गाठला. पुढे व्हायचं ते झालं आणि दोघांचं लग्न लागलं.

तो तेव्हा एकटाच होता. पहिलीशी त्याचा संसार फिट्स होत्या तोवर टिकला. फिट्स थांबल्या आणि दोघांना एकमेकांशी बोलायला विषयच उरला नाही. भांडणतंटा न करता दोघं वेगळी झाली. पहिली त्याच बाजारात चष्म्याच्या दुकानात काम करायची, किल्लीवाल्याच्या दुकानापासून दोन गल्ल्या सोडून. पेशीबाईनं तिला लांबून पुष्कळदा पाहिलं होतं. उंच, ताठ, गळ्यात दोरीला अडकवलेला चष्मा. त्या गल्लीतून जायची वेळ आली की पेशीबाई मुद्दाम वळसा घ्यायची, आणि वळसा का घ्यावा लागतो म्हणून चडफडायची.

घरी सासूबाई होत्या, त्या आगीत तेल ओतायला पुरेशा होत्या. स्वभावानं वाईट नव्हत्या हो, पण जीभ सवयीची. पेशीबाईला हाक मारायची झाली की निम्म्या वेळा पहिलीचंच नाव तोंडात यायचं. मग "अगं बाई, चुकलं," म्हणून कपाळावर हात मारायच्या. त्या कपाळावरच्या हातानं पेशीबाईच्या अंगाचा आणखीच तिळपापड व्हायचा.

इकडे किल्लीवाल्यानं राणीचं भलंमोठं चित्र छापून, फ्रेम करून दुकानात किल्ली घासायच्या मशीनवर लावलं होतं. गिऱ्हाईक विचारायचं, "हे कसलं झाड हो?" तो म्हणायचा, "झाड नाही, मी आहे." मग फोनवरून आवाज ऐकवायचा. "ऐका, आतून असा वाजतो मी." संस्थेतल्या लोकांना वाटायचं, तो गमतीनं म्हणतो आणि बायको लाडानं म्हणू देते. पण त्याला ते मनापासून खरं वाटत होतं. रोज सकाळी शटर वर केलं की आधी तो फ्रेमची काच बाहीनं पुसायचा.

मग लग्नानंतर तरी तिनं खरं का सांगितलं नाही? सांगणार होती. एकदा घरी कुणी नसताना तिनं संस्थेचा नियम गुंडाळून ठेवला आणि साइटवर निवड करत गेली: पुरुष, उजवी बाजू, फिट्सचा आजार, ऑपरेशनच्या वेळचं त्याचं वय. शेवटी एकाच माणसाच्या मोजक्या पेशी उरल्या. तो हाच, असं छातीठोक सांगता आलं नसतं, पण असलाच तर इथेच होता. त्यातली एक सडपातळ होती. बाकीच्या फांद्या वर चाललेल्या आणि एक फांदी हट्टानं मागे वळलेली. "आहे बाई, हुबेहूब आहे," म्हणत पेशीबाई एकटीच हसली.

आणि हसता हसता ती थबकली. रोज पोरांना ती काय सांगायची? की आपण ज्यांच्यासोबत राहतो, जे ऐकतो, जे शिकतो, त्यानं या फांद्या बदलतात. म्हणजे ही फांदी कुणाच्या सोबतीत वाढली? पहिलीच्या! हा तुकडा काढला तेव्हा पेशीबाई त्याच्या गावीही नव्हती. यात पहिलीचा आवाज आहे, पहिलीचं हसणं आहे, पहिलीशी झालेली भांडणंसुद्धा आहेत, आणि आपण? औषधालासुद्धा नाही. तिनं फटकन संगणकावरची ती खिडकी बंद केली. त्यापेक्षा राणी बरी. परकी असली तरी तिच्यात सवत नव्हती.

असं ते खोटं भिंतीवर राहिलं आणि हळूहळू घरचं झालं.

मग संस्थेनं रविवारी सगळ्यांसाठी खुला दिवस ठरवला. किल्लीवाल्यानं व्यासपीठावर उभं राहून आपण मेंदूचा तुकडा कसा दिला ते सांगायचं होतं. भाषण पेशीबाईनंच बसवून घेतलं. त्यानं मसुद्यात पहिलीचं नाव घेतलं होतं, ते तिनं "वेळ कमी आहे हो" म्हणून गाळलं. आदल्या दिवशी, शनिवारी, गावातल्या वाचनालयात तिचा नेहमीचा वर्ग होता. लांब टेबलावर संगणक मांडलेले, समोर निवृत्त मंडळी चष्मे सावरत बसलेली. दार उघडलं आणि पहिली आत आली.

 आपण एकमेकींना ओळखतो, हे दोघींनाही कळलं आणि दोघींनीही दाखवलं नाही.

"बसू का इथे?" पहिलीनं विचारलं.

"बसा की. ही जागा सगळ्यांची आहे." हे वाक्य ती रोज म्हणायची. आज ते तिनं दाराकडे बघत म्हटलं.

पहिलीनं चष्मा नाकावर चढवला. "ती किल्लीवाल्याच्या भिंतीवरची असते ना, ती कशी शोधायची?"

"आधी उंदरांच्या बघा. सोप्या असतात."

"उंदीर नकोत मला. दुकानाच्या माळ्यावर भरपूर आहेत."

सगळे हसले. शेजारच्या संगणकावर एक आजोबा बसले होते. पेशीबाईच्या वर्गाला न चुकता येणारे, आणि नवीन काही शिकले की दुसऱ्याला शिकवल्याशिवाय त्यांना चैन पडत नसे. "अहो, ती तर पहिल्याच पानावर आहे!" ते झुकून म्हणाले. "इथे दाबा. हां. आता फिरवा. छान! आता खालचं कार्ड उघडा. कार्ड वाचल्याशिवाय पेशी कळत नाही, असं आमच्या पेशीबाई नेहमी सांगतात."

आजोबांची जीभ झडो, असं पेशीबाईच्या मनात आलं. पुढे होऊन माऊस हिसकावून घ्यावा, वीज घालवावी, काहीतरी करावं! पण सगळा वर्ग तिच्याकडे बघत होता, आणि तिचे हात पाठीमागे होते. पहिलीनं दाबलं. कार्ड उघडलं. तिनं ते वाचलं, चष्मा काढला, पुसला आणि परत वाचलं.

"इथे तर स्त्री लिहिलंय," ती हळूच म्हणाली. मग आणखी हळू, "आणि डावी बाजू. त्याची उजवी होती. मी त्या डोक्याच्या पट्ट्या बदलल्यात."

"कुणाच्या डोक्याच्या?" आजोबांनी विचारलं.

"कुणाच्या नाही." पहिली उठली. पेशीबाईकडे तिनं असं बघितलं, की नजर चुकवायलाही सुचू नये. "उद्या त्याचं भाषण आहे ना? येते मी."

वर्ग संपला तशी पेशीबाई निघाली. ती संस्थेत जाऊन विभागप्रमुखांना म्हणाली, "सर, उद्या पडद्यावर दुसरी एखादी पेशी घेऊ या का?" सर म्हणाले, "फलक छापून भिंतींवर लागलेसुद्धा. आणि राणीला काय झालं? लोकांना तीच आवडते." घरी आली तर किल्लीवाला आरशासमोर उभा राहून भाषण घोकत होता. इस्त्रीचा शर्ट खुर्चीवर अडकवलेला. त्याला आत्ताच सांगून टाकावं, असं तिला दोनदा वाटलं आणि दोन्ही वेळा तिनं मूग गिळले. भीती साधीसुधी नव्हती. ज्या वाक्यावर तो तिच्या खोलीत परत परत आला, ज्यावर लग्न उभं राहिलं, ते वाक्य खोटं होतं. आणि भरल्या सभेत, तेही पहिलीच्या तोंडून ते फुटलं तर हा माणूस पुन्हा आपल्याकडे सरळ नजरेनं बघेल का? एकदा मन उठलं की कसलाही आवाज न करता घर मोडणारा माणूस होता तो. पहिलीला विचारा हवं तर.

रविवारी सभागृह भरलं. मोठ्या पडद्यावर राणी, खाली किल्लीवाला. मधल्या रांगेत, अगदी कडेला, पहिली.

"मंडळी," किल्लीवाला म्हणाला, "डॉक्टरांनी विचारलं, थोडासा मेंदू देणार का? म्हटलं, घेऊन जा! नाहीतरी मी तो फारसा वापरत नव्हतो." सभागृह हसलं. तो खुलला. बाकीचं भाषणही त्यानं झोकात केलं. मग सर म्हणाले, की कुणाला काही विचारायचं असेल तर विचारा. माइक फिरवायचं काम अर्थात पेशीबाईचं.

पहिलीनं हात वर केला. पेशीबाईनं तो बघितलाच नाही. म्हणजे बघितला, पण बघितला नाही. ती दुसऱ्या बाजूला गेली, एका मुलीला माइक दिला, मग एका डॉक्टरांना दिला. तेवढ्यात मागून ओळखीचा खणखणीत आवाज आला, "अहो पेशीबाई, इकडे या बाई मघापासून हात वर करून बसल्यात!" आजोबा. दुसरं कोण?

आता सगळ्यांच्या माना वळल्या. पेशीबाई गेली. तिनं स्वतःच्या हातानं पहिलीच्या हातात माइक दिला. तेवढ्यात दोघींची बोटं एकमेकींना लागली. पहिलीची बोटं गार होती.

"मला एवढंच विचारायचंय," पहिली म्हणाली. "त्या दिवशी तुम्ही खरंच लगेच हो म्हणालात?"

किल्लीवाल्यानं आवाज ओळखला. त्याचे कान लाल झाले. कितीतरी वेळ तो हातातला कागद नुसता उलटसुलट करत राहिला.

"नाही," तो म्हणाला. "खरं सांगायचं तर नाही. मी घाबरून भिंतीकडे तोंड करून पडलो होतो. म्हटलं, डोकं फोडायचं तर फोडा, पण माझ्या आतलं काही कुणाला देणार नाही. तेव्हा या..." त्यानं पहिलीकडे हात केला. "यांनी समजावलं. म्हणाल्या, या दुखण्यानं आपलं घर खाल्लं, निदान कुणाच्या तरी उपयोगी पडू दे. मग मी हो म्हटलं. हे आधीच सांगायला हवं होतं. राहून गेलं."

टाळ्या पडल्या. त्याच्यासाठी नव्हे, पहिलीसाठी. लोक वळून वळून तिच्याकडे बघत होते, सर उभे राहून टाळ्या वाजवत होते. पेशीबाईही वाजवत होती, कारण न वाजवून कसं चालेल? तिला कळतच नव्हतं, की आपलं खोटं आज उघडं पडलं नाही म्हणून सुटकेचा निःश्वास टाकावा, की इतकी वर्षं आपण झाकून ठेवलेली बाई एका प्रश्नात सगळ्या सभागृहाची झाली म्हणून रडावं. दोन्ही एकदम दाटून आलं, आणि जास्त जळलं ते दुसऱ्यापायीच.

कार्यक्रम संपला. किल्लीवाल्याला पोरांनी घेरलं. पेशीबाई बाहेर आवराआवर करत होती, तर फलकाचं दुसरं टोक कुणीतरी धरलं. पहिली!

"घाबरला होतात ना?" पहिलीनं विचारलं.

"हो," पेशीबाई म्हणाली. 

"मी मुद्दामच हात वर ठेवला. जरा तुम्हाला पळवावं म्हटलं." पहिली फलक गुंडाळत म्हणाली. "अहो, मी रोज त्या दुकानावरून जाते. माझ्या वर्षांतला तुकडा, मी मनधरणी करून द्यायला लावलेला, आणि तो तुमच्या राज्यात फ्रेम करून टांगलेला. गिऱ्हाइकांना दाखवतोय काय, ऐकवतोय काय! माझा नुसता संताप व्हायचा. वाटायचं, आत घुसावं आणि काढून आणावा. शनिवारी म्हटलं, एकदा नीट बघून तरी घेऊ. आणि बघते तर कुठल्याशा आजीबाई!"

ती हसायला लागली. आधी दबून, मग खळखळून. पेशीबाईला हसायचं नव्हतं. या बाईसोबत तर मुळीच नव्हतं. पण तिलाही आवरेना. एका अनोळखी म्हातारीपायी दोन बायका इतकी वर्षं दोन गल्ल्यांत बसून जळत होत्या!

"त्याला मात्र सांगा," हसू ओसरल्यावर पहिली म्हणाली. "आत सभेत मीच सांगितलं असतं तर मजा आली असती, खोटं कशाला बोलू? पण मग तीही गोष्ट माझीच झाली असती. मला त्याची आणखी एकही गोष्ट नको. तुमची तुम्ही निस्तरा."

"खरी पेशी सापडते," पेशीबाईच्या तोंडून निघून गेलं. "म्हणजे, साधारण. दाखवू?"

पहिलीनं गुंडाळलेला फलक तिच्या हातात दिला. "नको," ती म्हणाली. "मी ती डोक्यात असताना बघितलीय."

आणि गेली. तिच्या त्या उत्तरानं पेशीबाई पुन्हा नखशिखांत पेटली, हे सांगायला नकोच.

पण सांगायचं तर होतंच. दुसऱ्या दिवशी दुकानात गिऱ्हाईक नाही असं बघून ती किल्लीवाल्यासमोर स्टुलावर बसली आणि एका दमात सगळं बोलून टाकलं. तो कानस घेऊन एक किल्ली घासत होता. घासतच राहिला. ती किल्ली घासून घासून कामातून गेली, तेव्हा त्यानं ती बाजूला ठेवली.

"म्हणजे इतकी वर्षं मी लोकांना एका आजीचा आवाज ऐकवतोय?"

"हो."

"माझा म्हणून?"

"हो."

"का केलंस असं?"

"पहिल्यांदा तुमचं तोंड बघून. नंतर..." तिनं स्टूल जरा मागे सरकवलं. "नंतर जळून. खरीमध्ये सगळी तीच आहे हो. मी कुठेच नाही. ती भिंतीवर रोज कशी बघू मी?"

त्यानं कानस खाली ठेवली. हे त्याचं गप्प बसणंच तिला नको होतं. मग त्यानं फोन पुढे केला. "दाखव."

तिनं फोन घेतला नाही. "तुमचं तुम्ही शोधा. मी सांगते. आधी पुरुष. हां. आता बाजू."

त्याची जाड बोटं चुकत होती, परत दाबत होती. ती हात मागे बांधून बसली होती. शेवटी ती सडपातळ पेशी वर आली, मागे वळलेल्या फांदीसकट. त्यानं आवाज लावला. राणीसारखी झड नव्हती. टक... बराच वेळ काही नाही, मग टक, टक. तो कानाशी धरून ऐकत राहिला.

"नक्की हीच का?"

"नक्की कुणालाच सांगता येत नाही."

"ऑपरेशन चाललं होतं तेव्हा ती बाहेर बाकावर बसून होती," तो एकदम म्हणाला. "त्याआधी रात्र रात्र माझं मनगट धरून झोपायची. फिट आली तर कळावं म्हणून. बसल्या बसल्या झोपायची." लग्न झाल्यापासून पहिलीबद्दल तो पहिल्यांदाच इतकं बोलत होता, आणि बोलत राहिला. पेशीबाईनं सगळं ऐकून घेतलं. प्रत्येक वाक्याला जळत होती, पण उठली नाही.

बोलून झाल्यावर त्यानं भिंतीवरच्या राणीकडे बघितलं. "आणि या आजीत कोण आहे?"

"कुणी नाही. म्हणून तर मला चालली."

"कुणी नाही कसं? तिचंही कुणीतरी असेल की." त्यानं बाही पुढे करून काच पुसली. "ही काढायची नाही. हिच्यापायीच मी दर आठवड्याला तुझ्या खोलीचे खेटे घालत होतो. पण ती दुसरीही लावायची. शेजारी. आणि पुन्हा मला काही दाखवशील, तर जे असेल तेच दाखव."

चित्र तिनंच छापून आणलं. सासूबाई दुकानात आल्या होत्या. त्या बघून म्हणाल्या, "आधी एक होती, आता दोन?" आणि हाक मारताना नेमकं पुन्हा पहिलीचं नाव त्यांच्या तोंडून गेलं.  पेशीबाईनं हातोडी घेतली आणि खिळा ठोकला. शेजारीच ठोकला, कबूल केल्याप्रमाणे. फक्त अशा जागी, की वर टांगलेले कोऱ्या किल्ल्यांचे जुडगे जरा पुढे ओढले की ती वळलेली फांदी बरोबर झाकली जावी.

किल्लीवाल्याच्या ते लक्षात आलं. सकाळी शटर वर केलं की तो जुडगे बाजूला सारतो. संध्याकाळी पेशीबाई संस्थेतून येते आणि ते परत ओढते. यावर दोघांपैकी कुणी एक अक्षर बोलत नाही. परवा मात्र ओढण्याआधी तिनं काचेवरची धूळ रुमालानं नीट पुसली. मग ओढले.